सायकल आणि गुडघेदुखी: गुहागरहून टेम्पोत बसून परत आलो

खाडीपार (१० डिसेंबर, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो, आज गुडघ्याने लिहितं केलं.

वय ४६, पुण्यात बँकेत नोकरी, म्हणजे दिवसभर खुर्चीत. तीन वर्षं सायकल चालवतोय. २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) दोनदा साडेतेरा तासांच्या आत केली आहे. त्या जोरावर पुणे ते मालवण किनाऱ्याकिनाऱ्याने सहा दिवसांत करायचं ठरवलं. रोजचे ८०-९० किलोमीटरच तर, असा हिशोब.

पहिला दिवस ताम्हिणीतून माणगाव. झकास. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेश्वी आणि केळशीला मुक्काम. केळशीच्या आधी उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे काहीतरी कुरकुरायला लागलं. रात्री तेल चोळलं, झोपलो. तिसऱ्या दिवशी खरी मजा. ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना सांगायला नको. प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीपर्यंत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढायचं. चढ लहान, पण भिंतीसारखे. दाभोळची फेरी ओलांडून धोपाव्याला उतरलो आणि पहिल्याच चढाला सायकल हातात धरून चालायला लागलो. गुहागरला जेमतेम पोचलो. मुक्कामाच्या घराला सात पायऱ्या होत्या. चढताना ठीक, उतरताना मात्र कठडा धरूनच.

सकाळी एका टेम्पोवाल्याने दया येऊन चिपळूणपर्यंत आणलं. पुढच्या सीटवर गुडघा दुमडून दीड तास बसलो, तो सायकलपेक्षा जास्त दुखला.

पुण्यात एका डॉक्टरांना दाखवलं. क्ष-किरण फोटो व्यवस्थित आला. ते म्हणाले, वय झालं, सायकल बंद करा, पोहा. घरच्यांना तेवढंच हवं होतं. आता सायकल गॅलरीत आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.

खरंच सोडायची का? की नी-कॅप वगैरे घालून भागेल?

---

खवचट (१० डिसेंबर, रात्री १०:१५)

टॉवेल वाळत घालायला १८ गिअर म्हणजे चैन आहे राव.

---

घाटमाथा (१० डिसेंबर, रात्री ११:०२)

सोडायची कशाला? आधी तीन गोष्टी सांगा. पुढची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) किती दातांची? सामान किती होतं? आणि सफरीच्या आधीच्या महिन्यात आठवड्याला किती किलोमीटर होत होते? "रोज ८०च तर" या वाक्याने भल्याभल्यांना रडवलंय, मला धरून.

---

खाडीपार (११ डिसेंबर, सकाळी ७:३०)

५०/३४ आणि मागे ११-२८. दोन पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या), घरच्या काट्यावर १३ किलो. आधीच्या महिन्यात दिवाळी, त्यामुळे आठवड्याला ६०-७०. (लिहितानाच कळतंय, सांगू नका.)

---

घाटमाथा (११ डिसेंबर, सकाळी ९:१०)

नाही, सांगतोच. आठवड्याला ७० करणाऱ्याने तीन दिवसांत पावणेतीनशे केले, तेही १३ किलो घेऊन. फुप्फुसं आठ-दहा दिवसांत ओळीवर येतात, मांडीही महिन्याभरात तयार होते. वाटीखालची शीर इतकी लवकर ऐकत नाही. म्हणून दम लागत नाही, पाय थकत नाहीत आणि गुडघा मात्र बोलतो.

आता गिअर. तुमचा सगळ्यात हलका गिअर ३४ ला २८. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, म्हणजे पेडलचा एक फेरा मारला की सायकल अडीच मीटर पुढे जाते. धोपाव्यासारख्या चढावर सामानासकट ताशी ७ने चढत असाल तर मिनिटाला ४६ फेरे. हे पेडल मारणं नव्हे, ही रहाटगाडगी ओढणं झालं. सपाटीवर ८०-९० फेरे आणि चढावर किमान ६० असा माझा नियम. मागे ३४ दातांची कॅसेट टाकलीत तर त्याच वेगाला ५५-५६ फेरे होतील. लांब केजचा डिरेल्युअर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) आणि लांब चेन लागू शकेल, दुकानात विचारून घ्या. आणि "मोठ्या गिअरवर चढतो तो मर्द" हे जे ग्रूप राईडला चालतं ना, ते ऐकूच नका. मी सिंहगडावर दोन वर्षं तेच केलं. तिसऱ्या वर्षी मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगला मांडी घालून बसता येईना.

---

पाऊलवाट (११ डिसेंबर, दुपारी २:४०)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धाग्यावर निदान करत नाही, पण खाडीपार, तुमच्या वर्णनात तीन गोष्टी लक्षात आल्या: पायऱ्या उतरताना दुखणं, गुडघा दुमडून बसल्यावर दुखणं आणि दुखरी जागा वाटीच्या मागे. वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधला हा त्रास सायकलवाल्यांमध्ये अगदी नेहमीचा. यात क्ष-किरण फोटो बहुतेकदा चांगलाच येतो, म्हणून "काही झालेलं नाही" किंवा "वय झालं" अशी दोनच उत्तरं मिळतात.

दुखतं कुठे यावरून बरंच कळतं. वाटीच्या पुढे किंवा मागे दुखत असेल तर आधी शंका सीट खाली असण्याची, पुढे सरकल्याची किंवा जड गिअरची. गुडघ्यामागच्या लवणीत दुखत असेल तर उलट, सीट फार वर असते आणि पाय दर फेऱ्याला ताणला जातो. बाहेरच्या बाजूला, जिना उतरताना सुरी फिरवल्यासारखं होत असेल तर मांडीच्या कडेने येणारा तो लांब पट्टा. आतल्या बाजूला दुखत असेल तर पाऊल पेडलवर कसं बसतंय ते बघायचं. हे काही ब्रह्मवाक्य नाही, पण सुरुवात इथून करावी.

एक घरगुती परीक्षा. आरशासमोर जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहा. दुखऱ्या पायावर वजन ठेवून दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवा. गुडघा सरळ पुढे राहतो की आत, अंगठ्याच्या दिशेने पडतो? आत पडत असेल तर गुडघ्याचा दोष कमी आणि खुब्याच्या स्नायूंचा जास्त. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे ते स्नायू झोपलेलेच असतात. गुडघा बिचारा खुबा आणि पाऊल यांच्या मधला भाडेकरू, वरच्या मजल्यावर नळ गळला की छत याचं ओलं.

आणि हे असेल तर धागा वाचत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा: काही तासांत गुडघा सुजणे, मध्येच अडकणे, चालताना पाय सोडून देणे, गरम लाल होऊन ताप येणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना. सुजलेली आणि दुखरी पोटरी असेल तर त्याच दिवशी.

---

नवी_सायकल (११ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०)

ताई, मला लवणीत दुखतं! सायकल घेऊन चारच महिने झालेत. ग्रूपमधल्या सगळ्यांच्या सीट उंच दिसतात म्हणून मीही वर केली. आईने महानारायण तेल लावलं, शेजारच्या काकूंनी एरंडाची पानं बांधली. घरभर वास, गुडघा तिथेच.

---

पाऊलवाट (११ डिसेंबर, संध्याकाळी ७:०५)

@नवी_सायकल, कोणाला तरी मागून येऊन बघायला सांग. पेडल मारताना कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट वरच आहे. ५ मिलिमीटर खाली घे, दोन-तीन राईड कर, मग पुन्हा बघ. एकदम दोन सेंटिमीटर खाली घेतलीस तर पुढच्या आठवड्यात वाटीचं दुखणं घेऊन येशील. काकूंना नमस्कार सांग.

---

पंक्चरवाला (११ डिसेंबर, रात्री १०:३०)

सगळे माणसाचीच तपासणी करताय. सायकल कोणी तपासली का?

खाडीपार, टेप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं वर घट्ट दाबून धरा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ने गुणा. टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. येणारा आकडा म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. ते अंतिम सत्य नाही. बुटाचा तळ, क्रँकची लांबी, अंगाची लवचिकता यांवर पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे होतं. पण घोडचूक असेल तर लगेच दिसते.

आकडेमोड नको असेल तर जुनी पद्धत. सायकलवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना आपोआप हवा तेवढा बाक राहतो.

---

खाडीपार (१२ डिसेंबर, रात्री ८:१५)

मंडळी, सापडलं. म्हणजे निदान एक चोर तरी.

पायाचं माप ८० सेंटिमीटर. गुणिले ०.८८३, म्हणजे ७०.६. सायकलवर मोजलं तर ६७.९! मुलीकडून परत मोजून घेतलं, तेच. पावणेतीन सेंटिमीटर खाली.

मग टॉवेल बाजूला करून बॅटरी लावून सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) बघितला. उंची विसरू नये म्हणून मी तिथे पांढरी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, कॉलरला (पोस्ट आवळणाऱ्या कड्याला) चिकटून. ती टेप आता घसरलेल्या मोज्यासारखी चुण्या पडून कॉलरवर गोळा झालीये. म्हणजे सीट एकदम पडली नाही. खड्ड्याखड्ड्यागणिक एकेक केसाएवढी खाली गेली, म्हणून मला पत्ताच लागला नाही. मी समजत होतो पाय जड झालेत.

आता कबुली. सफरीच्या आदल्या रविवारी सायकल गाडीत घालायला सीटपोस्ट मीच काढला होता. बसवताना "चांगलं ग्रीस लावू" म्हणून सढळ हाताने ग्रीस लावलं, बोल्ट मात्र हातानेच आवळला. ज्या डॉक्टरांवर चिडून होतो त्यांची मनातल्या मनात अर्धी माफी मागितली. अर्धीच.

---

खवचट (१२ डिसेंबर, रात्री ८:४०)

म्हणजे वय नाही, ग्रीस झालं.

---

पंक्चरवाला (१२ डिसेंबर, रात्री ९:२०)

ॲल्युमिनिअमच्या पोस्टला ग्रीस लावतात, पण बोट फिरवल्यासारखं, लोणी फासल्यासारखं नव्हे. कॉलरच्या बोल्टला बहुतेक ठिकाणी ५-६ न्यूटन-मीटर असं लिहिलेलं असतं, टॉर्क पाना (ठरावीक जोर मोजून आवळणारा) नसेल तर दुकानात आवळून घ्या. पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस अजिबात नाही, त्याची वेगळी खरखरीत पेस्ट मिळते. जुनं ग्रीस पुसा, सीट ७०.६ ला न्या, टेप नवी लावा.

---

पाऊलवाट (१२ डिसेंबर, रात्री १०:००)

एक दुरुस्ती. दुखरा गुडघा घेऊन पावणेतीन सेंटिमीटर एका दिवसात वर नेऊ नका. निम्मं आत्ता, बाकी आठवड्याभराने.

---

पंक्चरवाला (१२ डिसेंबर, रात्री १०:१२)

ताई, तीन वर्षं ते ७०.६ वरच चालवत होते. शरीराला ती उंची पाठ आहे. खाली गेल्यालाच तर पाच-सहा दिवस झाले.

---

पाऊलवाट (१२ डिसेंबर, रात्री १०:३१)

पाच-सहा दिवस की आधीपासून हळूहळू, हे टेपलाच माहीत. बरं, सीट न्या वर, पण पहिले दोन आठवडे सपाटीवर, तासाभराच्या आत, हलक्या गिअरवर. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजा. तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वपदावर आलेलं हवं. नसेल तर आदल्या दिवशी जास्त झालं.

व्यायाम, दिवसाआड. पाय सरळ ठेवून उचलणे. कुशीवर झोपून गुडघे दुमडून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडणे. पाठीवर झोपून कंबर उचलणे. भिंतीला टेकून अर्धवट बसणे, ३०-४० सेकंद, दुखणार नाही इतक्याच खोलीवर. आणि तीच आरशासमोरची पायरी, आता व्यायाम म्हणून. सहा आठवडे न कंटाळता केलेत तर फरक कळेल. लोक दहाव्या दिवशी सोडतात आणि अकराव्या दिवशी मला मेसेज करतात.

नी-कॅपने उबदार वाटतं, आधाराची जाणीव होते, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका.

---

रात्रपाळी (१३ डिसेंबर, पहाटे ५:१०)

मी ३००च्या बीआरएमला सुरुवातीलाच एक पेनकिलर घेतो, २० तास गुडघा तोंड उघडत नाही. इतका काथ्याकूट कशाला?

---

पाऊलवाट (१३ डिसेंबर, सकाळी ८:२५)

@रात्रपाळी, कृपया बंद करा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात तुम्ही तासन्‌तास घाम गाळताय, पाणी पुरेसं जात नाही, पोटात नीट अन्न नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. दुसरं असं की गुडघा तोंड उघडत नाही, पण झीज तर चालूच असते. ताशी २०ने २०० किलोमीटर, मिनिटाला ७५ फेरे धरा, एका गुडघ्याचे ४५,००० फेरे होतात. त्यातला विसाव्या हजाराला दिलेला इशारा तुम्ही गोळीने दाबून टाकला, तर उरलेले २५,००० आंधळे.

---

वाऱ्याविरुद्ध (१३ डिसेंबर, दुपारी १:४५)

आइंडहोव्हनहून. इथे घाट नाही, पण समोरचा वारा आहे आणि तो उताराशिवायचा घाट आहे. माझा अनुभव असा की पहिली दोन वर्षं इथे गुडघे दुखायचे ते निव्वळ सीटमुळे. आपण सगळे लहानपणी मोठ्या माणसांच्या सायकलच्या दांडीतून पाय घालून हाफ पायडल शिकलो. पुढे स्वतःची सायकल मिळाली तेव्हा वडिलांनी पहिलं काय बघितलं? दोन्ही पाय जमिनीला टेकतायत ना. ते डोक्यात इतकं घट्ट बसलंय की चाळिशीतही बसल्या जागेवरून पाय टेकले नाहीत तर असुरक्षित वाटतं. दोन्ही तळवे टेकत असतील तर सीट नक्की खाली आहे. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायला शिकलो आणि अर्धं दुखणं गेलं.

उरलेलं अर्धं थंडीचं. सहा अंशात उघड्या गुडघ्यांनी चालवू नका. जानेवारीत रात्रभर बीआरएम करणाऱ्यांनाही सांगतोय.

---

नाना६३ (१४ डिसेंबर, सकाळी ६:४०)

मी नाशिकचा, वय आयडीतच आहे. डाव्या गुडघ्यात संधिवात, फोटोत फट कमी झालेली स्पष्ट दिसते. माझ्या डॉक्टरांनी उलट सांगितलं, नाना, चालणं कमी करा हवं तर, पण सायकल सोडू नका, वजन सीटवर जातं आणि सांधा फिरता राहतो. १७० मिलिमीटरच्या क्रँकऐवजी १६५ लावल्या. वरच्या टोकाला गुडघा थोडा कमी दुमडतो, तेवढ्याने खूप फरक पडला. आता त्र्यंबकेश्वर जाऊन येतो, साठेक किलोमीटर, महिन्यातून दोनदा. परतीला भेळभत्ता.

क्लीटचे (तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले) बूट मात्र सोडले. पाय त्यात जखडल्यासारखा वाटायचा.

---

पंक्चरवाला (१४ डिसेंबर, सकाळी ११:३०)

नाना, तुमच्याकडे लाल क्लीट असणार! शिमानोच्या तीन बोल्टवाल्या क्लीटमध्ये लाल म्हणजे शून्य अंश, पाय हलतच नाही. निळी २ अंश, पिवळी ६ अंश. गुडघ्याची तक्रार असणाऱ्याने पिवळीच लावावी आणि खुर्चीच्या कडेवर बसून पाय सैल सोडल्यावर पावलं जशी नैसर्गिक वळतात तसा कोन ठेवावा. माझी पावलं बदकासारखी बाहेर. पहिल्या वर्षी ती अगदी समांतर लावली होती, नीटनेटकी दिसतात म्हणून. आतला गुडघा चार महिने ठणकत होता.

---

नाना६३ (१४ डिसेंबर, दुपारी १२:०५)

आत्ता जाऊन बघितलं. लालच.

---

खाडीपार (२ फेब्रुवारी, रात्री ९:३५)

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा राहिला होता.

सीट शेवटी दोन टप्प्यांत वर नेली, ताईंचंही ऐकलं आणि पंक्चरवाल्यांचंही. व्यायाम सात आठवडे झाले, चार दिवस चुकले. आरशासमोर पहिल्या दिवशी उजवा गुडघा असा आत पडला की बायको हसायला लागली, तिचा सरळ राहिला. आता माझाही बहुतेक सरळ राहतो, दमल्यावर पडतो. डिसेंबरात नुसती सपाटी. जानेवारीत दिवे घाट तीनदा, कॅसेट ११-३४ टाकून. पहिल्यांदा चढताना एक शाळकरी पोरगा साध्या सायकलवरून पुढे गेला. जाऊ दिला.

दुखणं पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. चित्रपट बघून उठताना पहिली दोन पावलं अजून जड पडतात. जिना मात्र कठड्याशिवाय उतरतो. गेल्या रविवारी १०० झाले आणि सोमवारी सकाळी गुडघा गप्प होता.

मार्चमध्ये उकाडा वाढायच्या आत गुहागरपासून पुढे मालवण करायचं आहे. चार दिवस, सामान ७ किलो, जयगडची खाडी तवसाळहून फेरीने. त्याआधी सराव म्हणून येत्या शनिवारी वाईहून पसरणी घाट. पहाटे साडेपाचला वाई एसटी स्टँडसमोर चहा. कोणी येतंय का?

---

घाटमाथा (२ फेब्रुवारी, रात्री ९:५०)

मी आहे. ताशी ७ने, गप्पा मारत.

---

नवी_सायकल (२ फेब्रुवारी, रात्री १०:०२)

मी पण! लवण आता ठीक आहे. एरंडाचं झाड मात्र बोडकं झालंय.

---

पंक्चरवाला (२ फेब्रुवारी, रात्री १०:४०)

येतो. खाडीपार, ५ नंबरची ॲलन की आणि टॉर्क पाना मी आणतोय. ग्रीस आणू नका.